अकरा टप्प्यांचं उत्तर

गौतमी तायडे पहिल्यांदा आमच्या दारात आली ती विरजण मागायला. जयपूरच्या वैशाली नगरातल्या आमच्या इमारतीत मराठी घरं दोनच: दुसऱ्या मजल्यावर आम्ही, तिसऱ्यावर तायडे. तिच्या हातात वाटी होती आणि गळ्यात शिंप्याची टेप. मी दार उघडलं तर तिची नजर माझ्या खांद्यावरून थेट खिडकीकडे गेली आणि विरजण राहिलं बाजूला.

"ताई, तुमचा डावा पडदा उजव्यापेक्षा अर्धा इंच आखूड हाय."

आम्ही साताऱ्याहून इथं येऊन चार महिने झाले होते, आणि चारही महिने मी त्याच खिडकीशी बसून कंपनीचं काम करत होते. मला कधी काही दिसलं नव्हतं. त्या दिवसापासून मात्र पडद्याशिवाय दुसरं काही दिसेना. तिसऱ्या दिवशी तीच आली, पडदा काढून वर घेऊन गेली आणि संध्याकाळी सरळ करून लावून दिला. "आता झोप येईन तुम्हाले," म्हणाली. खरं तर झोप तिचीच उडाली होती.

अशी ही गौतमी. उंचीनं पाच फुटांच्या आत, आवाज दोन मजले पुरणारा. वडील बळवंत तायडे मूळचे मूर्तिजापूरजवळचे, रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. बदली होऊन जयपूरला आले तेव्हा ती आठ वर्षांची होती. रिटायर झालो की गावी परत जाऊ, असं तायडेकाका म्हणत असत. आता रिटायर होऊनही सहा वर्षं झाली. काका दर उन्हाळ्यात परत जायचं ठरवतात आणि दर उन्हाळ्यात कूलरला नवा वाळा भरतात. घरात बोली वऱ्हाडीच, फक्त गौतमीच्या बोलण्यात ‘मतलब’ आणि ‘भैया’ यांची ये-जा सुरू असते.

पोरीनं रेल्वेत लागावं ही काकांची इच्छा. त्यासाठी तिला एका कोचिंग क्लासात घातलं होतं. तिथल्या सराव परीक्षेत प्रश्न आला, सिग्नल गाडीच्या ड्रायव्हरला किती गोष्टी सांगतो? क्लासच्या पुस्तकातलं उत्तर तीन. सिग्नलवाल्याच्या लेकीनं लिहिलं चार, कारण एक पिवळा आणि दोन पिवळे यांचा अर्थ वेगळा असतो. क्लासच्या सरांनी गुण कापला. ती भांडली. सर म्हणाले, "जितना किताब में है, उतना लिखो." तिनं त्या दिवशी दप्तर उचललं ते परत त्या क्लासात नेलं नाही. काका फार चिडले होते. "पेपरात जे पायजे थेच लेहाव ना बाप्पा! तुले कोनं सांगतलं जास्तीचं शहाणपण?" दोन महिने बापलेकीत मीठमिरचीपुरतंच बोलणं होतं.

मग तिनं शिवणकामाचा डिप्लोमा केला आणि सीतापुऱ्यात एका कपडे निर्यात करणाऱ्या कारखान्यात लागली. काम होतं, तयार कपडे मोजून पास करायचं. तिच्यासाठी हे काम म्हणजे मांजराला दुधाची राखण नव्हे, दुधात पोहायलाच दिल्यासारखं. सहा वर्षं ती तिथं सुखात होती. मग एका ऑर्डरीतल्या चारशे कुर्त्यांची एक बाही दुसरीपेक्षा पाव इंचानं लहान निघाली. मॅनेजर म्हणाला, परदेशातल्या लोकांचे हातसुद्धा लहानमोठे असतात. हिनं चारशेच्या चारशे कुर्ते बाजूला काढून ठेवले. पुढच्या महिन्यात तिची बदली खोके बांधायच्या खात्यात झाली आणि त्याच्या पुढच्या महिन्यात ती घरी बसली.

घरी बसलेल्या गौतमीचा त्रास सगळ्यात जास्त शालनकाकूंना, म्हणजे तिच्या आईला. घरातल्या उशांचे अभ्रे मोजून झाले, काकांच्या पायजम्यांच्या नाड्या सारख्या झाल्या, शेजारच्या माहेश्वरी कुटुंबाच्या लग्नात तिनं ऐन वरमालेच्या आधी नवरदेवाला थांबवून त्याच्या शेरवानीचं बटण काढून पुन्हा लावलं. काकू मला म्हणाल्या, "बाई, हिले कुठंतरी चिकटवा. नाई तं हे पोट्टी मले उसवून पुन्हा शिवीन."

तेवढ्यात जयपूरजवळच्या बगरू गावच्या सरकारी शाळेत शिक्षकाची जागा निघाली.

आता सरकारी शाळांत नववीपासून एखादा धंदेशिक्षणाचा विषय असतो. कुठं वीजकाम, कुठं दुकानदारी, कुठं ब्यूटी पार्लर. बगरूच्या शाळेला मिळाला होता ‘वस्त्र’ हा विषय. शिकवणारी माणसं एका एजन्सीमार्फत, वर्षावर्षाच्या करारानं घेतात. गौतमीनं अर्ज केला, निवड झाली, आणि जुलैच्या एका सकाळी ती ‘दोनशे फूट बायपास’ नावाच्या थांब्यावरून अजमेर रोडची बस पकडून बगरूला गेली. गळ्यात टेप होतीच.

मुख्याध्यापक होते हरसहाय मीणा. मनानं भला माणूस, पण कार्यक्रमांनी गांजलेला. वरून रोज एक कार्यक्रम यायचा. आज वृक्षारोपण, उद्या स्वच्छता, परवा रस्ता सुरक्षा, शनिवारी दप्तराविना शाळा. प्रत्येकाचे फोटो संध्याकाळच्या आत पाठवायचे. त्यामुळे मीणाजींचं एक सूत्र तयार झालं होतं: "मैडमजी, पहले फोटो, फिर काम." गौतमी हजर झाली त्या दिवशी तिचाही कसला तरी फोटो काढला गेला. मागून कळलं, तो हात धुण्याच्या कार्यक्रमात गेला.

शिलाई मशिनं दहा आली होती, पण खोक्यांतच होती. खोकी कोठीत होती, कोठीची किल्ली ज्या गुरुजींकडे होती ते गुरुजी रजेवर होते. सतरा दिवस गौतमीकडे वर्ग होता आणि शिकवायला खडूफळा. तेव्हा तिचं लक्ष शाळेच्या बॅनरांकडे गेलं. प्रत्येक कार्यक्रमाला मीणाजी नवीन बॅनर छापून घेत, आणि कार्यक्रम संपला की ते बॅनर सायकलींवर झाकायला जाई. हिनं एक जाड कापडाचं बॅनर शिवलं. वर शाळेचं नाव कायमचं, खाली कार्यक्रमाची पट्टी वेल्क्रोनं लावायची-काढायची. एका पट्टीवर ‘वृक्षारोपण’, दुसरीवर ‘स्वच्छता’, पट्ट्यांचा गठ्ठा वेगळा. मीणाजींनी ते हातानं दोनदा चिकटवून, दोनदा फाडून बघितलं. फर्रर्र. तिसऱ्यांदाही बघितलं. त्यानंतर त्या शाळेत गौतमीला कोणी नाही म्हणालं नाही. एकदाच घोटाळा झाला. आमदारांच्या स्वागताला ‘मच्छर भगाओ’ची पट्टी लागली. पण ती पट्टी लावणारी गौतमी नव्हती, आणि आमदारांनी ती वाचली नाही.

किल्ली आली, मशिनं निघाली आणि खरा अभ्यास सुरू झाला. पुस्तकात दुसराच धडा होता हातछपाईचा. आता बगरू म्हणजे हातछपाईचंच गाव. तिथली छीपा मंडळी पिढ्यान्‌पिढ्या लाकडी ठप्प्यानं कापड छापत आली. गौतमीला हे माहीत होतं, पण जसं आपल्याला समुद्रात मासे असतात हे माहीत असतं तसं. तिनं जयपुरातून एक ठप्पा विकत आणला, थाळीत रंग कालवला, टेबलावर पांढरं कापड अंथरलं आणि तेवीस मुलामुलींसमोर पुस्तकाप्रमाणे दाबून ठप्पा मारला.

पहिल्या बाकावरून ‘फिस्स’ असा आवाज आला. सुगना छीपा नावाची चौदा वर्षांची मुलगी ओढणी तोंडात कोंबून बसली होती.

"क्या हुआ?" गौतमीनं विचारलं.

"कुछ नहीं मैडमजी."

"सांग की. मतलब, बोलो."

"मैडमजी… मोर उल्टा है. पैर ऊपर हैं."

वर्ग फुटला. गौतमीनं कापडाकडे बघितलं. मोर खरोखरच आकाशात पाय करून पडला होता. दुसरी एखादी बाई रागावली असती. गौतमीनं ठप्पा सुगनाच्या हातात दिला. मुलीनं तो नुसता टेकवला आणि मुठीच्या बुडानं वरून एक ठोका दिला. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. सहा मोर एका ओळीत, सांधा कुठं ते दिसेना. गौतमीनं गळ्यातली टेप काढून दोन मोरांमधलं अंतर मोजलं. पाच ठिकाणी मोजलं. पाचही ठिकाणी एकच.

त्या संध्याकाळी ती जिन्यातच मला सांगत होती, "ताई, त्या पोट्टीनं पट्टी न लावता मारलं! मी सहा वर्षं मशिनीचे टाके मोजले, पण असं नाई पाहिलं."

मग शनिवारच्या दप्तराविना शाळेचा तिनं सोपा अर्थ लावला. शाळा सुटली की ती मुलांना घरी न पाठवता मुलांच्या घरी जाऊ लागली. सुगनाचे आजोबा नाथूजी हे तिचे गुरू झाले. सत्तरी उलटलेला माणूस, हात कोपरापर्यंत निळे, बोलणं मोजकं. पहिल्या दिवशी त्यांनी तिला छपाईला बसवलंच नाही. मोठ्या घमेल्यात शेण, सोडा आणि तिळाचं तेल होतं, त्यात कोरं कापड तुडवायला लावलं. दुसऱ्या शनिवारी हरड्याच्या, म्हणजे आपल्या हिरड्याच्या, पिवळ्या पाण्यात कापड बुडवायला. तिसऱ्या शनिवारी लोखंडाचे जुने नाल आणि गूळ घालून आंबवलेला काळा रंग ढवळायला. त्याचा वास घेऊन बसमधली बाई तिच्या शेजारून उठली. गौतमी खूष होती. बदल्यात तिनं त्या घरातल्या बायकांना बाही बसवायला शिकवलं. कापड त्यांनी जन्मभर छापलं, पण त्याचा कुर्ता शिवायला दुसऱ्याकडे जात होतं.

अशी दीड वर्षं गेली. सुगनाचा वर्ग दहावीत आला आणि फेब्रुवारीत परीक्षा आली.

परीक्षा दोन दिवसांची. सकाळी अर्ध्या तासाचा लेखी पेपर, मग प्रत्यक्ष काम आणि तोंडी. बाहेरचे परीक्षक आले, माथुर साहेब. पांढरा शर्ट, खिशात घडी केलेला पांढरा रुमाल, हातात टॅब. उत्तरपत्रिका ते तिथंच तपासून गुण टॅबमध्ये भरत. एक प्रश्न पाच गुणांचा होता: हातछपाईचे टप्पे लिहा. पुस्तकात सात टप्पे होते. धुणं, वाळवणं, रंग करणं, ठप्पा मारणं, पुन्हा वाळवणं, पुन्हा धुणं आणि सातवा, इस्त्री.

दुपारी गुण लागले तेव्हा तेविसांपैकी बावीस जणांना त्या प्रश्नात शून्य. पाचपैकी पाच मिळाले ते एकट्या पिंकीला. पिंकीच्या वडिलांचं मोबाइल रिचार्जचं दुकान होतं आणि तिनं आयुष्यात ठप्प्याला हात लावला नव्हता. ती बिचारीच सगळ्यांत गोंधळलेली होती.

गौतमी टॅब घेऊन बसलेल्या माथुर साहेबांसमोर उभी राहिली. "साहेब, शून्य कशाबद्दल?"

"सात टप्पे पाहिजेत. यांनी अकरा लिहिलेत."

"मग सातापेक्षा जास्तच लिहिलेत ना?"

"पण सातातले चारच जुळतात. आणि हे बघा," त्यांनी सुगनाची उत्तरपत्रिका पुढं केली. "पहिला टप्पा, शेण. बोर्डाच्या परीक्षेत शेण! आणि अकरावा टप्पा काय लिहिलाय? ‘दादाजी को दिखाना. ना बोले तो फिर पहले से.’ कोण आहेत हे दादाजी? अभ्यासक्रमात कुठं आहेत?"

मीणाजी दारात उभे राहून दोन्ही हातांनी ‘बसा बसा’ अशा खुणा करत होते. त्यांना परीक्षेचा फोटो पाठवायचा होता आणि त्यात कोणी भांडताना नको होतं. "मैडमजी, बात मत बढ़ाइए. पाँच नंबर का ही तो सवाल है."

गौतमी कदाचित थांबलीही असती. पण मागून सुगना आली. रडत नव्हती. अगदी साधेपणानं तिनं विचारलं, "मैडमजी, हम घर में गलत करते हैं क्या?"

गौतमी मला नंतर सांगत होती, "ताई, तिचे बाबा, आजा, पणजा, सगळे एका शून्यात गेले."

ती वळली आणि माथुर साहेबांना म्हणाली, "तुम्ही वस्त्रविद्या शिकलेले आहात. तुमच्या सात टप्प्यांनी एक कापड छापून दाखवा. आम्ही आमच्यानं छापतो. उद्या सकाळी दोन्ही धुऊ. तुमचं टिकलं तर मी बावीस मुलांची माफी मागते."

माथुर साहेबांनी चष्मा काढला. बत्तीस शाळा फिरून ते कंटाळलेले असावेत. किंवा कितीतरी वर्षांत त्यांना कोणी प्रत्यक्ष काम करायला सांगितलं नसावं. ते म्हणाले, "कापड आणा."

कोरं कापड शाळेत होतं ते सगळं मुलांच्या कामात गेलेलं. बाकी होतं ते हरड्यात बुडवून पिवळं केलेलं, म्हणजे पुस्तकाच्या हिशोबानं बाद. तेव्हा साहेबांनी खिशातला रुमाल काढून टेबलावर ठेवला.

"साहबजी, रुमाल जाएगा," सुगना हळूच म्हणाली.

"जाने दो."

त्यांनी रुमाल नळाखाली धुतला, उन्हात वाळवला. त्याच थाळीतला काळा रंग, तोच ठप्पा. गौतमीनं हरड्याच्या कापडातून रुमालाच्याच मापाचा तुकडा कापला. माप अर्थातच दोनदा घेतलं. साहेबांनी आपल्या रुमालावर चार फुलं उठवली, सुगनानं तिच्या तुकड्यावर चार. साहेबांचं चौथं फूल जरा तिरकं आलं, पण एकूण हात वाईट नव्हता. दोन्ही तुकडे दोरीवर वाळत घातले. मीणाजींनी फोटो काढला.

घरी आल्यावर मात्र गौतमीचा धीर सुटला. मी वाटी परत द्यायला वर गेले तर ती जेवणाच्या ताटापुढे नुसती बसलेली. "रंग जर चढलाच नाई तं? ऊन कमी होतं आज. आणि मी सगळ्यांपुढं बोलून बसली." काकू म्हणाल्या, "नोकरी गेली तं जाऊ दे, पहिले जेव."

तायडेकाका कोपऱ्यात पेपर वाचत होते. पेपर खाली न घेताच म्हणाले, "दोन पिवये म्हंजे येगळा सिग्नल असते."

गौतमीनं ताटावरून मान वर केली.

"चारच होते थे," काका म्हणाले. "तवा म्या तुलेच रागावलो. क्लासवाल्याले जाऊन सांगाले पायजे होतं. नाई सांगतलं." मग त्यांनी पेपराचं पान उलटलं आणि काकूंना ओरडून चटणी मागितली. चटणी त्यांच्या समोरच होती.

सकाळी धुकं पडलं होतं. बस उशिरा पोचली. शाळेत नळाभोवती बावीस मुलं, पिंकी, मीणाजी, तीन शिक्षक आणि बातमी लागल्यामुळे नाथूजी स्वतः. नाथूजी शाळेच्या फाटकाच्या आत पहिल्यांदाच आले होते आणि चप्पल बाहेर काढून आले होते. माथुर साहेबांनी बाह्या दुमडल्या. आधी त्यांचा रुमाल. पाण्यात घालताच पाणी तांबूस झालं. दुसऱ्या पाण्यातही तसंच. तिसऱ्या पाण्यानंतर फुलांच्या जागी गंजाचे चार फिकट डाग उरले. चौथा तिरका.

मग सुगनाचा तुकडा. थोडं काळं पाणी गेलं, मग स्वच्छ. पिवळा रंग उतरत गेला आणि फुलं काळीभोर होऊन वर आली. तिनं तो खसाखसा चोळला. फुलं हलली नाहीत.

"असं का?" साहेबांनी विचारलं. आता तो परीक्षकाचा प्रश्न नव्हता.

"हरडा नहीं पिलाया," नाथूजी म्हणाले. "बिना हरडे का कपड़ा भूखा रहता है. रंग आता है, रुकता नहीं."

साहेब म्हणाले, "अजून सातवा टप्पा बाकी आहे." कोणाला वाटलं ते हट्टाला पेटले. पण त्यांनी खरोखरच गृहविज्ञानाच्या वर्गातून इस्त्री मागवली, रुमाल टेबलावर पसरला आणि नीट, कडा जुळवून इस्त्री केला. मग तो वर धरला. चहा सांडलेला रुमाल दिसतो तसा तो दिसत होता. आणि माथुर साहेब हसायला लागले. ते हसले म्हणून मीणाजी हसले, मग मुलं, मग नाथूजीसुद्धा, आवाज न करता, नुसते खांदे हलवत.

पण गुण काही हलले नाहीत. टॅबमध्ये भरलेला आकडा परत उघडत नव्हता. प्रत्यक्ष कामाचे गुण मात्र त्यांच्या हातात होते; ते त्यांनी ज्याचे त्याला पुरेपूर दिले. पिंकीनं ठप्पा उलटा मारला, तिला निम्मे मिळाले आणि तिलाही ते रास्त वाटलं. शेवटी ‘अन्य टिप्पणी’ असा एक रकाना होता, त्यात दोनशे अक्षरं मावत. साहेब आणि गौतमी अर्धा तास त्या रकान्यावर बसले होते. साहेब सांगत, गौतमी अक्षरं मोजे. ‘हरडा’ बसवायला ‘आदरणीय’ काढावं लागलं.

दीड महिन्यानं एजन्सीकडून गौतमीला पत्र आलं. आपले विद्यार्थी अभ्यासक्रमाबाहेरची उत्तरं का लिहितात, याचा खुलासा सात दिवसांत करावा. तिनं चार पानी खुलासा लिहिला आणि सोबत दोन्ही रुमाल टाचले. माथुर साहेबांनी आपला रुमाल तिनं मागितल्याबरोबर टपालानं पाठवला होता. शाळेच्या क्लार्कपुढे पेच पडला. जावक रजिस्टरात रुमालाला रकाना नव्हता. बराच विचार करून त्यानं लिहिलं, ‘संलग्न: रुमाल २, एक साफ, एक असफल.’

पुढं काही महिने काहीच झालं नाही. एप्रिलमध्ये करार संपला, गौतमी घरी बसली, पुन्हा उशा मोजू लागली. जुलैत करार पुन्हा झाला. का झाला ते कोणी सांगितलं नाही. ऑगस्टमध्ये पुस्तक सुधारण्याच्या बैठकीला बोलावणं आलं. ती दोन दिवस जाऊन आली. तिथं बारा माणसं होती, त्यांतल्या तिघांना हरडा म्हणजे काय ते माहीत होतं. नवं पुस्तक आलं तेव्हा ती ते घेऊन धावतच जिना चढली आणि माझ्या दारात उभी राहिली.

"ताई, आठ झाले!"

हरडा आत आला होता. शेण बाहेरच राहिलं. आजोबाही बाहेरच. पण इस्त्री काढून आठवा टप्पा ‘तपासणी’ केला होता, आणि गौतमीच्या मते तो म्हणजेच नाथूजी, फक्त सरकारी भाषेत. काका म्हणाले, "आठावर आलं तं अकरावरही येईन. म्या तवरिक जयपुरातच हावो."

सुगनाला दहावीत एक्क्याण्णव टक्के पडले. ते पाच गुण गेले ते गेलेच. आता ती अकरावीत आहे आणि विषय तोच घेतला आहे.

मीणाजींनी मात्र या सगळ्यातून एक नवा कार्यक्रम काढला. दर शनिवारी ‘कारीगर आपके विद्यालय में’. पट्टी गौतमीनं शिवली. पहिले कारीगर अर्थातच नाथूजी. ते येतात, चप्पल बाहेर काढतात, आणि त्यांचं बघून सगळी शाळाच त्या तासाला चपला बाहेर काढते. चिखल, चुना आणि डिंक कालवून कापडावर लावायचा आणि मग निळीत बुडवायचं, म्हणजे चिखलाखालचं कापड कोरं राहतं, हे ते शिकवतात. मुलं जरा गडबड करू लागली की ते गप्प होतात, आणि ते गप्प झाले की मुलं त्यांच्यापेक्षा गप्प होतात. गौतमी शेवटच्या बाकावर वही घेऊन बसते.

एका शनिवारी मीही गेले होते. तास संपल्यावर नाथूजी कचेरीत गेले आणि क्लार्कला म्हणाले, सगळ्या मास्तरांच्या गळ्यात फोटोचं कार्ड आहे, मला का नाही? मीणाजी लगेच मोबाइल घेऊन उठले. फोटो निघाला. क्लार्कनं फॉर्म भरायला घेतला. नाव, गाव, जन्मतारीख. तिथं नाथूजींनी ‘जिस साल बड़ा अकाल पड़ा’ असं सांगितलं आणि क्लार्कनं अंदाजानं काहीतरी टाकलं. मग विषयाचा रकाना आला.

"विषय क्या लिखूँ, दादाजी?"

नाथूजींनी आपल्या निळ्या हातांकडे बघितलं, नखांत अडकलेली काळी माती अंगठ्यानं खरवडून काढली आणि म्हणाले, "लिख दो, कीचड़."

क्लार्कनं गौतमीकडे बघितलं. गौतमीनं होकाराची मान हलवली. कार्ड पुढच्या आठवड्यात आलं.